दोन जोड

गड्ड्याची यात्रा उठली की वर्षातून एकदा
नव्या पेठेतल्या बुटांच्या दुकानात आम्ही दोघं मिळून जातो.
मी राजेशम बिटला, आणि अक्कलकोट रोडचा मकबूल नदाफ.
माझा उजवा पाय बारीक, त्याचा डावा.
एक जोड आठ नंबरचा, एक पाचचा,
दोन्ही खोकी उघडायची आणि वाटून घ्यायची:
डावा आठ मला, उजवा आठ त्याला,
पाचातला उजवा माझा, डावा त्याचा.
एकही बूट वाया जात नाही.
दुकानदार म्हणतो, देवानं जोडी बरी जमवली.
मकबूल म्हणतो, देवानं नाही ओ, तापानं.

मी चादरीच्या डिझाइनची कार्डं पाडतो.
कागदावर चौकटी-चौकटींचा मोर असतो,
तो बघून पुठ्ठ्यात भोकं पाडायची.
भोक असेल तिथं सुई जाते, धागा वर येतो,
नसेल तिथं धागा खालीच.
बसून करायचं काम, म्हणून मला मिळालं;
मागावर दिवसभर उभं राहावं लागतं.
एकदा माझ्याकडून एका ओळीतली भोकं राहिली.
मोराच्या पायाची.
कळेपर्यंत तीनशे चादरी उतरल्या होत्या,
तीनशे मोर, एकेका पायावर.
शेठ ओरडत आला, माझ्याकडं बघून गप्प झाला.
मला हसू आवरेना. त्याला येईना.

आई विड्या वळायची.
दवाखान्यात डोस आला त्या दिवशी
तिनं पानं भिजत घातली होती.
भिजलेलं पान कोणासाठी थांबत नाही,
हजाराची विडी संध्याकाळी कारखान्यात पोचली पाहिजे.
पुढच्या खेपेला नेऊ, ती शेजारणीला म्हणाली.
पुढच्या खेपेआधी ताप आला.
तीन रात्री.
चौथ्या सकाळी तिनं मला उभं केलं
आणि मी ओल्या टॉवेलासारखा खाली बसलो.

जायच्या महिनाभर आधी, एका दुपारी, तेलुगूत म्हणाली,
पानं वाळली असती तर वाळली असती रे.
एवढंच.
मी तिच्या बोटांवरची तंबाखू पुसत राहिलो.
काही फरक पडला नसता, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं.
म्हणालो नाही.

लोकांना वाटतं पाय मेलाय.
मुंगी चढली तर कळते. मे महिन्यातली फरशी कळते.
थंडीत तो निळा पडतो,
बायको तव्याच्या कडेला मोजा गरम करून घालते, तेही कळतं.
फक्त मी सांगितलेलं ऐकत नाही.
आणि आता दुसराही कुरकुरायला लागलाय,
चाळीस वर्षं दोघांची ड्यूटी एकट्यानं केली त्यानं.

पोलिओच्या रविवारी मी बालवाडीत बसतो.
सुनंदाताई थेंब सोडते, दोन,
मी डाव्या करंगळीच्या नखावर पेनानं खूण करतो.
यंदा गुंडेटीचा श्रीकांत दारातच थांबला, कडेवर पोरगी.
आता कुठाय काका पोलिओ? मी तर कोणाला झालेला बघितला नाही.
मी कॅलिपरचं कुलूप उघडलं. खट्.
बघितला नाहीस, कारण तुझी आई पण विड्याच वळायची,
आणि तिनं त्या दिवशी पानं वाळू दिली.
त्याला किती कळलं, काय की.
पण चप्पल काढून आत आला.
पोरीनं तोंड वाकडं केलं, माझं पेन ओढलं,
खूण नखापेक्षा माझ्या शर्टावरच जास्त.

या खेपेला दुकानात मालकाचा पोरगा होता.
म्हणाला, एक नऊचा आणि एक सहाचा जोड पडून आहे,
तुमच्यासारखे अजून दोघं असतील तर पाठवा की,
स्वस्तात लावतो.
मकबूलनं माझ्याकडं बघितलं.
नाहीत बे, मी म्हणालो.
पडू देत तिथंच. धूळ खाऊ देत.